सेसीलच्या खोलीत काय घडलं, ते सूचनेत लिहा

'डेंजरस लिएझन्स' या १९८८ सालच्या चित्रपटाची ओळख करून देताना बहुतेक जण एकच सूर लावतात: फ्रेंच उमरावांच्या दिवाणखान्यात रंगलेला मोहाचा आणि दगाफटक्याचा डाव. रेशमी पोशाख, मेणबत्त्यांचा उजेड, ग्लेन क्लोज आणि जॉन माल्कोविच यांची शब्दांची झटापट हे सगळं चित्रपटात आहेच. पण त्याच चित्रपटात वाल्मों नावाचा एक मुरलेला पुरुष मध्यरात्री कॉन्व्हेंटमधून नुकत्याच बाहेर आलेल्या सेसील नावाच्या मुलीच्या खोलीत शिरतो. ती घाबरते, जायला सांगते. तो तिला बदनामीची भीती घालून गप्प करतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. चित्रपटाच्या ओळखीत, जाहिरातीत किंवा पडद्यावरच्या सूचनेत या प्रसंगाचा पत्ताच नसतो.

हा प्रसंग कापू नये, असं माझं ठाम मत आहे. मात्र प्रेक्षकाला तो आधी सरळ शब्दांत सांगायला हवा. आपल्याकडची सूचना देण्याची पद्धत ते सांगू शकत नाही, कारण ती उघडं अंग आणि रक्त मोजते. जबरदस्ती मोजायची सोय तिच्यात नाही.

चित्रपटाचं मूळ पिएर शोदेर्लो द लाक्लो यांच्या १७८२च्या कादंबरीत आहे. लाक्लो तोफखान्यातले अधिकारी होते. सगळी कादंबरी पत्रांची, एकूण १७५ पत्रं. क्रिस्टोफर हॅम्प्टन यांनी १९८५ मध्ये तिचं नाटक केलं आणि पुढे त्यावरूनच स्टीव्हन फ्रिअर्स यांच्यासाठी पटकथा लिहिली. चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले: रूपांतरित पटकथा, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा. पत्रं गेली, चेहरे आले. हे रूपांतर अनेक अंगांनी उत्तम आहे. पण पत्रांमध्ये जो पुरावा टप्प्याटप्प्याने जमा होत जातो, तो पडद्यावर काही मिनिटांत उरकतो. म्हणून आधी पत्रं नीट पाहू.

सेसील व्होलांज पंधरा वर्षांची आहे. तिचं लग्न जेर्कूर नावाच्या सरदाराशी ठरलंय. या जेर्कूरवर मार्कीझ द मेर्तॉय या उमराव बाईचा जुना राग आहे, म्हणून त्याची नियोजित वधू लग्नाआधीच 'बिघडवून' ठेवायची, असा तिचा बेत. सेसीलचं मन मात्र डान्सेनी या तरुणावर बसलंय. वाल्मों त्या दोघांचा निरोप्या बनतो. ८४व्या पत्रात तो सेसीलला किल्लीची योजना समजावतो. तिच्या खोलीची किल्ली आईच्या खोलीत शेकोटीच्या वरच्या फळीवर असते. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी किल्ली तो देणार. तिला विटलेली निळी फीत बांधायची आणि अदलाबदल करायची. मग कुलपाला आणि बिजागऱ्यांना तेल लावायचं. तेल आणि पीस कपाटाखाली ठेवलेलं असेल. डाग दिसून कुणी विचारलंच, तर फरशी पुसणाऱ्यावर ढकलायचं.

इतकी बारीक तयारी कशासाठी? वाल्मों सांगतो, पत्रं पोहोचवायला सोपं जावं म्हणून. सेसील त्यावर 'नाही' म्हणते. ८८व्या पत्रात तिने स्पष्ट नकार दिलाय: आपल्याला हे बरोबर वाटत नाही. हा नकार फार थोड्या वाचकांच्या लक्षात राहतो. वाल्मों मग डान्सेनीच्या मनात भरवून देतो की मुलीचं प्रेम उणं पडतंय. ९३व्या पत्रात डान्सेनी तिच्याकडे तक्रार करतो, आणि ९५व्या पत्रात ती किल्ली द्यायला तयार होते. म्हणजे तिच्या पहिल्या नकाराचा कणा तिच्या स्वतःच्या प्रियकराच्या हातून मोडला गेला. डान्सेनीला याची कल्पनाही नाही.

९६वं पत्र वाल्मोंचं आहे. त्या रात्रीचा वृत्तांत तो मेर्तॉयला फुशारकीने सांगतो, आणि त्या फुशारकीतच स्वतःविरुद्धचा कबुलीजबाब देऊन बसतो. मुलीने चुंबन टाळण्यात सगळी ताकद लावली. ते चुंबन म्हणजे फक्त हुलकावणी होती, बाकी सगळा मोर्चा उघडा पडला. तिने खरोखरच ओरडायचा प्रयत्न केला, पण रडण्यात आवाज विरला. नोकरांना बोलावण्याच्या घंटेच्या दोरीकडे तिने झेप घेतली; त्याने वेळेत तिचा हात धरला. मग त्याने तिला समजावलं, ओरडून काय होणार? मी तुझ्या मर्जीशिवाय इथे आलो, यावर कोण विश्वास ठेवेल? आत यायची सोय तुझ्याशिवाय मला कोण करून देणार?

किल्लीचं खरं काम इथे उलगडतं. ती दार उघडण्यापुरती नव्हती, मुलीला आरोपी करण्यासाठी होती. अशा प्रकारच्या अत्याचाराची हीच रचना असते: आधी एखादी छोटी, निरुपद्रवी वाटणारी गोष्ट तिच्याच हातून करून घ्यायची, म्हणजे पुढे ती तोंड उघडायला गेली की पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल.

चित्रपटात हॅम्प्टन यांनी हा भाग संवादांत आणला आहे आणि एका ठिकाणी तो मुळाइतकाच धारदार झाला आहे. एक चुंबन दे, मी जातो, असं वाल्मों म्हणतो. चुंबन होतं. सेसील त्याला आता जायला सांगते. त्यावर तो म्हणतो, तू चुंबन द्यायचं ठरलं होतं. हे तर मी दिलं, दोन्ही एक नव्हे. ऐकताना हा चतुर संवाद वाटतो. प्रेक्षागृहात कुणीतरी हसतंही. पण त्या ओळीत घडतं ते असं: मुलीने अट पूर्ण केली, आणि अट लिहिणाऱ्याने अटच बदलली. अशा सौद्यात तिला सुटायची वाट कधीच नव्हती. सेसीलचं काम करणाऱ्या उमा थर्मनचा चेहरा हे बरोबर दाखवतो. माझी तक्रार त्या दृश्याबद्दल नाही, त्यानंतरच्या सुराबद्दल आहे. थोड्याच वेळात सेसील खिदळताना दिसते, वाल्मों तिला लॅटिन शब्दांपासून सुरुवात करून शयनगृहातले धडे देतो, आणि चित्रपट हलकाफुलका होतो. प्रेक्षकाला मागचं दृश्य विसरायला ही वाट मिळते.

मधल्या दुव्याला चित्रपटाने जागा दिली आहे, पण घाईत. दुसऱ्या दिवशी सेसील रडत खोलीत बसते, आई काळजीत पडते, आणि धीर द्यायला बोलावलं जातं ते मेर्तॉयलाच. ती मुलीला सांगते की लाजही वेदनेसारखीच, एकदाच जाणवते. म्हणजे नंतरचं हसणं आपोआप आलेलं नाही. जिच्यावर मुलीचा सर्वांत जास्त विश्वास होता, त्या बाईने ते घडवून आणलं. पुढे सेसीलचा गर्भपात होतो. पुस्तकात ती शेवटी मठात निघून जाते. चित्रपटाला मात्र तिचं पुढे काय झालं हे सांगण्याची गरज वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला तूर्वेलची कथा आहे, आणि दोन्ही कथा एकाच शब्दाखाली कोंबल्या की गल्लत होते. तूर्वेल प्रौढ, विवाहित, विचारी बाई आहे. तिला जिंकण्यासाठी वाल्मों देखावे रचतो. तिचा नोकर आपल्या मागावर आहे हे माहीत असताना तो एका गरीब कुटुंबाचा थकलेला कर भरून टाकतो. कादंबरीत तो आकडा ५६ लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) आहे. तिथे फसवणूक आहे, क्रौर्य आहे. पण तूर्वेल अनेकदा नकार देते, त्याला निघून जायला लावते, स्वतः निघून जाते, आणि शेवटी स्वतः निर्णय घेते. तो निर्णय खोट्या माहितीवर घेतलेला आहे, ही तिची शोकांतिका. सेसीलला निर्णय घेण्याची संधीच मिळत नाही. चित्रपटाचा सगळा करुण रस मात्र तूर्वेलच्या वाट्याला येतो. बर्फातल्या द्वंद्वात जखमी झालेला वाल्मों डान्सेनीकडे आपल्याशी लढण्याचं योग्य कारण होतं, हे मान्य करतो. पण ते दोन पुरुषांमधलं मान्य करणं झालं. निरोप जातो तो तूर्वेलला. सेसीलच्या नावाने एक वाक्यही नाही.

'अठराव्या शतकाला आजचे निकष लावू नका' हा आक्षेप इथे हटकून येतो. तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याची ती रास्त सवय आहे. पण इथे तो टिकत नाही. लाक्लो यांच्या काळात जबरदस्ती ओळखता येत नव्हती, असं कादंबरी कुठेही म्हणत नाही. उलट मुलीचं ओरडणं, दोरीकडे झेपावणं, धरलेला हात या गोष्टी लेखकाने आरोपीच्याच हाताने लिहवून घेतल्या आहेत. शिवाय पुढच्याच वर्षी, १७८३ मध्ये, शालों इथल्या अकादमीने स्त्रीशिक्षण सुधारण्याचे उपाय विचारले, तेव्हा लाक्लो यांनी उत्तर लिहायला घेतलं की जिथे गुलामी आहे तिथे शिक्षण शक्यच नाही. सेसील ही त्याच उत्तरातली मुलगी आहे. मठात तिला काही शिकवलं गेलं नाही, आणि बाहेर आल्यावर जगाची ओळख करून देणारे दोघेच भेटले.

त्या काळचं वेगळेपण कायद्यात होतं. फ्रान्समध्ये १५७९च्या ब्लवा अध्यादेशापासून अल्पवयीन मुलामुलींना फूस लावून आईबापांच्या संमतीविना लग्नाकडे नेणं हा देहदंडाचा गुन्हा होता, आणि त्यासाठी वयाची मर्यादा २५ वर्षांची होती. म्हणजे फूस लावण्याची दखल घेतली जात होतीच. पण तिथे इजा झाली असं मानलं जाई ती घराण्याच्या अधिकाराला. मुलीची मर्जी काय होती, हा त्या खटल्याचा गाभा नसे. म्हणूनच वाल्मोंची धमकी चालते. सेसील आईला सांगू शकत नाही, कारण आईच्या दृष्टीने पहिला गुन्हा किल्लीचा आणि डान्सेनीच्या पत्रांचा ठरेल. फ्रान्सने बलात्काराच्या व्याख्येत संमतीचा स्पष्ट उल्लेख २०२५ मध्ये आणला, हे लक्षात घेतलं तर अठराव्या शतकापासूनचं अंतर वाटतं तेवढं लांब नाही.

आता आपल्याकडचं. भारतीय कायद्याने या बाबतीत शब्द नेमके वापरले आहेत. २०१३च्या दुरुस्तीपासून आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमती म्हणजे निःसंदिग्ध, स्वेच्छेने दिलेला होकार. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत तर संमतीचा मुद्दाच उरत नाही. म्हणजे न्यायालयाकडे भाषा आहे. ती पडद्यापर्यंत पोहोचलेली नाही.

चित्रपट प्रमाणपत्रात २०२३च्या कायदादुरुस्तीने 'यूए'चे तीन टप्पे केले: ७+, १३+ आणि १६+. ओटीटीसाठी २०२१च्या नियमांनी वयोगटासोबत आशयाची सूचना देणं बंधनकारक केलं. हे चांगले बदल आहेत. पण आशय तपासण्याचे ठरावीक रकाने बघा: भाषा, नग्नता, लैंगिक दृश्यं, हिंसा, भीती, अमली पदार्थ, भेदभाव, अनुकरणाचा धोका. सेसीलच्या खोलीतला प्रसंग यातल्या कुठल्या रकान्यात बसतो? मारहाण नाही, शस्त्र नाही, रक्त नाही, म्हणून हिंसेत तो ठळकपणे येत नाही. मग तो 'लैंगिक दृश्यं' आणि 'नग्नता' यांत जाऊन पडतो, म्हणजे तूर्वेल आणि वाल्मों यांच्या परस्परसंमतीच्या दृश्याच्या शेजारी. एकाच ओळीत दोन्ही. ज्या प्रेक्षकाला सावध करायला हवं, त्याला त्या ओळीतून काहीच कळत नाही. आणि ज्याला फक्त उघड्या अंगाबद्दल हरकत आहे, त्याला नको तेवढं कळतं.

यावर उपाय महाग नाही. लैंगिक जबरदस्तीचा वेगळा रकाना हवा, आणि त्यात तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: पीडित व्यक्ती अल्पवयीन आहे का, जबरदस्ती कशाने होते (मारहाण, धमकी, फसवणूक, नशा), आणि ती पडद्यावर दिसते की केवळ सूचित होते. या चित्रपटासाठी दोन ओळी पुरतील: 'या चित्रपटात एका अल्पवयीन मुलीवर धमकी व फसवणुकीने झालेला लैंगिक अत्याचार दाखवला आहे. नंतरच्या काही दृश्यांत त्याकडे विनोदी अंगाने पाहिलं आहे.' दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. ज्यांनी असं काही सोसलंय त्यांना पुष्कळदा मूळ दृश्यापेक्षा त्यानंतरचं हसणं जास्त लागतं.

सूचनेला विरोध करणारे दोन प्रकारचे आहेत. काहींना वाटतं, सूचनेने रहस्य फुटतं. या कथेचं रहस्य त्या रात्रीत नाहीच. वाल्मोंचा हेतू पहिल्या काही मिनिटांत मेर्तॉयच्या तोंडूनच कळतो. दुसरे म्हणतात, एवढं वाईट असेल तर कापून टाका. कापलं तर काय उरेल याचा विचार करा. सेसील एका दृश्यात भोळी आणि पुढच्या दृश्यात वाल्मोंच्या बिछान्यात खिदळणारी. मधली रात्र गेली की ती स्वतःहून बिघडलेली मुलगी ठरते, आणि वाल्मोंने ९६व्या पत्रात जी सारवासारव केली ती कात्रीने पूर्ण होते. मिलोश फोरमन यांनी १९८९ मध्ये याच कादंबरीवर केलेल्या चित्रपटात सूर मुळातच सौम्य आहे, आणि शेवटी सेसील वाल्मोंचं मूल पोटात असताना जेर्कूरशी लग्न करते. बघायला तो सुखद आहे. पण त्यातून मुलीवरचा अन्याय पुष्कळसा निसटतो.

मेर्तॉयबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण अलीकडे तिला बंडखोर नायिका म्हणून उचलून धरण्याची पद्धत पडली आहे. ८१व्या पत्रातलं तिचं आत्मकथन अजोड आहे. विधवा म्हणून मिळालेलं स्वातंत्र्य तिने लग्न नाकारून राखलं. वेदना होत असताना चेहऱ्यावर आनंद दाखवायचा सराव तिने मुलीच्या वयात केला. चित्रपटात ती टेबलाखाली हातात काटा रुतवून घेतल्याचं सांगते, तेव्हा ग्लेन क्लोजचा चेहरा अजिबात हलत नाही. आपल्या स्त्रीजातीसाठी सूड घेण्याकरता आपला जन्म आहे, असं ती म्हणते. मग त्या सूडाची किंमत कुणी भरली? एका पंधरा वर्षांच्या मुलीने. मेर्तॉयची बुद्धी मान्य करून हा हिशेब मांडता येतो, आणि मांडलाच पाहिजे. शेवटी नाट्यगृहात तिची जी हुर्यो उडते ती तिची पत्रं उघड झाल्यामुळे, समाजाला फसवल्याबद्दल. सेसीलबद्दल तिथे कुणीही चिडलेलं नाही.

महाविद्यालयात किंवा फिल्म सोसायटीत हा चित्रपट दाखवणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. चित्रपट ११९ मिनिटांचा आहे. चर्चेला किमान ४० मिनिटं राखून ठेवा, नाहीतर सगळा वेळ वेशभूषेवर आणि अभिनयावर जातो. सूचना निमंत्रणातच छापा. दिवे मालवल्यावर वाचलेल्या सूचनेचा उपयोग नसतो, कारण तेव्हा उठून जाणं म्हणजे सगळ्यांसमोर स्वतःबद्दल काहीतरी सांगणं होतं. त्या दृश्यानंतर चित्रपट थांबवून भाषण करू नका. त्याने प्रेक्षक एकमेकांकडे बघू लागतात. प्रास्ताविकात 'प्रेमाचा खेळ' असे शब्द टाळा, कारण पहिला वक्ता जे नाव देतो तेच चर्चाभर चालतं.

चर्चेत एक प्रश्न ठरलेला असतो: पण नंतर तिला आवडलंच ना? त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नका, पत्रांनी द्या. ९६ आणि ९७ ही दोन पत्रं दोन वेगळ्या आवाजांत, लागोपाठ वाचून घ्या. ९७व्यात सेसील स्वतःलाच दोष देते: आपण पुरेसा प्रतिकार केला नाही असं वाटतं, तोंडाने सारखं नाही म्हणत होते पण वागणं तसं नव्हतं. हीच वाक्यं तिच्याविरुद्ध वापरली जातात. ती ९६व्याच्या मागोमाग ऐकली की वेगळी ऐकू येतात, कारण दोरीकडे गेलेला हात कुणी धरला होता हे आपण नुकतंच ऐकलेलं असतं, आणि तिने मात्र ते स्वतःच्या खात्यातून वजा करून टाकलेलं असतं.

दुसरा ठरलेला प्रश्न: तिने आईला का सांगितलं नाही? त्यासाठी ९८ आणि १०४. आईने विचारलं, तेव्हा सेसील रडली. तिच्याने तेवढंच झालं. आईने त्या रडण्याचा अर्थ डान्सेनीचा विरह असा लावला. तरीही ९८व्या पत्रात ती मेर्तॉयला विचारते की मुलीला इतकं दुःख देण्यापेक्षा जेर्कूरशी ठरलेलं लग्न मोडून तिला हव्या त्या मुलाला द्यावं का. त्या घरात, त्या काळात, ही आई आपल्या मुलीच्या मर्जीच्या इतकी जवळ आली होती. १०४व्या पत्रात मेर्तॉय तिला आईचं कर्तव्य, घराण्याची जबाबदारी आणि तरुण मुलींच्या चंचल मनाबद्दल अत्यंत समंजस भाषेत लिहिते, आणि आई मागे फिरते. हे पत्र चित्रपटात नाही. ते छापून प्रत्येकाच्या हातात द्या, आणि त्यातली कोणती वाक्यं आजही घराघरांत बोलली जातात त्यांवर खुणा करायला सांगा.